रेनो होऊ नका

"परत ऊस आणि पाऊस," पिकेट सर माझ्या कानाशी कुरकुरले. "ही चौदावी, डोरिस. तुमच्या गावात उसाला दुसरं यमकच पिकत नाही का?"

"कापूस पिकत नाही ना इथं, सर. नाहीतर तेवढं तरी मिळालं असतं," मी म्हटलं.

टेबलापलीकडे ग्लेनिस हसली. ती हसली की मला बरं वाटतं, कारण ती क्वचित हसते.

शनिवारची दुपार होती. कामगार संघाच्या हॉलमागच्या खोलीत आम्ही तिघं परीक्षक बसलो होतो. मधे चहाची किटली, मी कँटीनमधून आणलेले सॉसेज रोल आणि एकसष्ट कविता. गळीत हंगाम संपत आला की संघ दरवर्षी बारा वर्षांखालच्या पोरांची कविता स्पर्धा घेतो, आणि विषय दरवर्षी एकच: काम. कवितेवर फक्त नंबर असतो, नावं माझ्याकडे बंद पाकिटात. पहिली तीन पोरं पुढच्या रविवारी हॉलच्या स्टेजवर उभी राहून आपली कविता वाचतात आणि सगळं गाव बश्या भरभरून खाणं घेऊन ऐकायला येतं.

पिकेट सर शाळेचे हेडमास्तर. आमच्याकडे येऊन त्यांना जेमतेम आठ महिने झाले होते. ग्लेनिस वाचनालयात असते. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये. तिथल्या फळ्यावर रोजच्या पदार्थांखाली मी दोन ओळी जुळवून लिहिते, म्हणून मला साहित्यातलं कळतं असा संघाचा समज आहे. मी तो मोडलेला नाही.

सरांनी एकोणीस नंबरचा कागद उचलला आणि मोठ्याने वाचला:

"हातात मोजे, टोपी डोक्यावर,
चिठ्ठी बांधा, मगच हात यंत्रावर.
घाई करू नका, विसरू नका,
बाबा म्हणतात, रेनो होऊ नका!"

खाली चित्र होतं. वाटोळ्या तोंडाचा एक माणूस, डोळ्यांच्या जागी दोन फुल्या.

"ठेक्यात आहे," सर म्हणाले. "पण हे रेनो म्हणजे काय हो? शाळेत सारखं ऐकतो. दप्तर विसरलं की रेनो, डबा विसरला की रेनो. परवा एक पोरगी बाईंनाच म्हणाली, मिस, तुम्ही हजेरी घ्यायची रेनो केली. तुमच्या माल्टाकडचा शब्द आहे का? तुम्हाला माहीत असेल, डोरिस."

मी रोल तोंडात घातलेला होता. तो तसाच राहिला.

"माणूस आहे तो," ग्लेनिस म्हणाली. "होता. माझा नवरा."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. बिचाऱ्यांना कुठं बघावं कळेना.

आमच्या कारखान्यात यंत्रात हात घालायचा असेल, तर आधी त्याचा स्विच बंद करायचा आणि त्यावर आपल्या नावाची लाल पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधायची. ज्याची चिठ्ठी त्यानेच काढायची. साहेबाचा साहेब आला तरी दुसऱ्याने तिला हात लावायचा नाही. कोणी चिठ्ठी तशीच ठेवून घरी गेला, तर त्याला घरून उठवून आणतात. तो शिव्या घालत येतो, आपल्या हाताने चिठ्ठी काढतो आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोलणी खातो. गावाच्या हे इतकं अंगात मुरलंय की घराघरांतून त्या चिठ्ठ्या लटकत असतात. उद्याच्या केकवर, कोणी चालवायची नाही त्या सायकलवर, बंद खोलीच्या दाराला. माझ्या लग्नात थोरल्या भावाने, वेन्झूने, माझ्या खुर्चीला एक बांधली होती: "हिला त्रास द्यायचा नाही." सगळे हसले होते. नवरा हसला नव्हता, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

सहा वर्षांपूर्वी गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यात, ऊस तुंबला. रेनो मिफ्सूद फिटर होता. स्विच बंद करून तो आत उतरला, आणि गव्हाण चालू झाली. लोक स्विचपाशी धावले तेव्हा तिथं चिठ्ठी नव्हती. चौकशीत तेच लिहिलं गेलं: कामगाराने चिठ्ठी लावली नव्हती. तेव्हापासून दर हंगामात नव्या पोरांना पहिल्या दिवशी एका खोलीत बसवतात, पडद्यावर रेनोचा फोटो दाखवतात आणि सांगतात, रेनो होऊ नका. ती पोरं घरी जाऊन आपल्या पोरांना सांगतात. पोरांना वाटतं, आहे एक शब्द.

रेनो कसा माणूस होता? टोस्टरमधला चुरा झटकायचा तर आधी प्लग काढून त्याला चिठ्ठी बांधणारा. ग्लेनिसने ओरडायचं, अरे पाव भाजायचाय मला, आणि याने म्हणायचं, थांब, माझी चिठ्ठी आहे. असा माणूस गव्हाणीत चिठ्ठी न लावता उतरेल, हे गावात एकालाही पटलेलं नव्हतं. पण बोललं काय जायचं? राहून गेलं असेल. घाईत होतं असं. वेळ आली होती. असलंच.

ग्लेनिस एकदा वाचनालय बंद करताना मला म्हणाली होती, "लोकांना वाटतं मी रडते. मी भांडते गं त्याच्याशी. एक पुठ्ठा बांधायला काय धाड भरली होती तुला, म्हणून फोटोला शिव्या देते." मेलेल्या माणसावर सहा वर्षं रागावून राहायचं म्हणजे काय, ते मी तिच्याकडे बघून शिकले. चेहरा आत ओढल्यासारखा होतो.

तर पिकेट सर. त्यांनी घाईघाईने गठ्ठ्यातून दुसरा कागद ओढला आणि म्हणाले, "ही बघा, ही मी वेगळी काढून ठेवली होती. सत्तावीस नंबर. नुसत्या पहिल्या ओळी वाचल्या होत्या. यमक नाही, काही नाही, पण काय लिहिलंय. ऐका." आणि वाचायला लागले.

"माझ्या आजोबांचं काम संपलं आहे.
ते आता कारखान्यात जात नाहीत.
तरी ते पाचला उठतात
आणि बूट घालून बसतात.

आमच्या केकवर चिठ्ठी असते,
माझ्या सायकलवर चिठ्ठी आहे.
ज्याची चिठ्ठी त्यानेच काढायची.

आजोबांच्या घड्याळाच्या डब्यात घड्याळ नाही.
एक जुनी चिठ्ठी आहे.
तिच्यावर आजोबांचं नाव नाही.
आर. मिफ्सूद असं नाव आहे,
शेजारी ग्रीसचा अंगठा आहे."

इथं सरांचा आवाज खाली गेला. ग्लेनिसचं आडनाव त्यांना ठाऊक होतं. पण मधेच थांबणं त्याहून वाईट, असं त्यांना वाटलं असावं. ते हळूहळू शेवटपर्यंत गेले.

"मी विचारलं, ही तुमच्याकडे कशी?
आजोबा म्हणाले, परत द्यायची राहिली आहे.
ते रोज डबा उघडतात
आणि बंद करतात.
आता तेच त्यांचं काम आहे."

पंखा फिरत होता. माझ्या हातातला रोल मी बशीत ठेवला, तर तो बशीत न पडता टेबलावर पडला. ग्लेनिसने आपला कप बाजूला सरकवला.

"परत वाचा," ती म्हणाली. "अंगठ्यापासून."

"मिसेस मिफ्सूद, मला वाटतं आपण..."

"अंगठ्यापासून, सर."

त्यांनी वाचलं. ग्लेनिस भिंतीकडे बघत ऐकत होती.

"आर. मिफ्सूद दोन होते," ती सरांना म्हणाली, शाळेत एखादं गणित सांगावं तशा आवाजात. "चुलतभाऊ. आजोबांचं नाव दोन्ही घरांत ठेवलेलं. थोरला रेनो आणि धाकटा रेनो, धाकटा तो माझा, आणि दोघंही एकाच कारखान्यात. घोळ नको म्हणून माझा रेनो नावाशेजारी अंगठा उठवायचा. जेवणाच्या टेबलावर बसून, गठ्ठेच्या गठ्ठे. टेबलाला ग्रीस लागतं म्हणून मी डोकं खायचे त्याचं." ती थांबली. "म्हणजे..."

मी वाट बघत होते, सर वाट बघत होते. पण तिने पेन उचललं आणि गुणांच्या तक्त्यावर सत्तावीस नंबरसमोर दहा लिहिले. इतके दाबून की कागद फाटला.

"पहिला नंबर," ती म्हणाली. "आणि रविवारी वाचायला लावा. सगळ्यांसमोर."

कवितेचा कागद तिने चार घड्या करून पर्समध्ये टाकला आणि ती निघून गेली. कविता अशा न्यायच्या नाहीत, असा नियम आहे.

"डोरिस," सर म्हणाले, "कोणाचं मूल आहे हे?"

पाकीट माझ्या पिशवीत होतं. ते उघडायची गरज नव्हती. आमचा कारखाना माणूस निवृत्त होताना घड्याळ देतो ते फक्त फोरमनला. आणि नातीला सांभाळणारा निवृत्त फोरमन गावात एकच आहे, माझा भाऊ वेन्झू.

"काय माहीत," मी म्हटलं. सहा वर्षांची सवय होती ती. जीभ अडखळली नाही.

गाडी मी कशी चालवली मला आठवत नाही. उसाची रेल्वे आडवी आली तेव्हा फाटकाशी थांबले, एवढं आठवतं. चाळीस-पन्नास डबे गेले असतील. माझ्या डोक्यात त्या दिवसाचा कँटीनचा काउंटर होता. वेन्झू आला होता. चहा मागितला, मी दिला, त्याने साखरेऐवजी मीठ घातलं आणि तो चहा प्याला. सगळा. मी बघत होते. त्याच्याच पाळीत माणूस गेलाय, हादरलाय, असं मी स्वतःला सांगितलं. हादरलेला माणूस सगळा कप कशाला पिईल? हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता. मी त्या प्रश्नाकडे सहा वर्षं पाठ करून चहा गाळत राहिले.

वेन्झूच्या घराच्या फाटकापाशी त्याची नात टेगन सायकलवर गोल गोल फिरत होती. नऊ वर्षांची आहे. तिची आई मकाय शहरात नर्स असते, आठवड्यातून दोनदा येते, तोवर ती आजोबांकडे.

"डोरिसआजी! माझा नंबर आला?"

"मला काय माहीत तुझी कुठली ते," मी म्हटलं. "आजोबांना दाखवलीस?"

"नाही! सरप्राइज आहे. तू पण सांगू नकोस हं. सांगितलंस तर तू रेनो."

"ते सांगणं झालं गं. रेनो म्हणजे विसरणं," मी म्हटलं, आणि माझंच तोंड मला कडू लागलं. "जा, नदीकडच्या रस्त्याने एक चक्कर मारून ये. मोठी चक्कर."

वेन्झू व्हरांड्यात बसला होता. बूट घातलेले, नाड्या बांधलेल्या. पोरीने लिहिलं होतं तसाच.

"आलीस? टोमॅटो घेऊन जा," तो म्हणाला. "यंदा फार आलेत. पक्षी खातात."

"वेन्झू, टेगनने स्पर्धेला कविता दिली आहे."

"माहिती आहे. कशावर तरी लिहीत होती. सायकलवर असेल."

"तुझ्यावर आहे. घड्याळाच्या डब्यावर."

तो टोमॅटोच्या वाफ्याकडे बघत राहिला. माझा भाऊ मोठ्या हाडाचा आहे. खुर्चीत बसलेला माणूस बसल्या बसल्या लहान होतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

"कोणी वाचली?" त्याने विचारलं.

"ग्लेनिससमोर वाचली गेली."

त्याने एका बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. मग मला वाटलं होतं त्याहून वेगळ्याच ठिकाणाहून त्याने सुरुवात केली.

"थोरला रेनो त्या दिवशी पाळी संपायच्या आधी, दोनलाच घरी गेला. मी त्याला गेटवर पाहिलं. हातात बर्फाचा डबा होता. मला म्हणाला, वेन्झू, मासे आणलेत, ये संध्याकाळी. मी म्हटलं, येतो. साडेतीनला गव्हाण बंद. वरती उसाचे बावीस डबे उभे, साहेब फोनवर. पाळीत माझ्या एक रेनो होता आणि तो घरी गेलेला. धाकटा दुसऱ्या पाळीचा. तो कोणाच्या तरी जागी आला होता. मला कोणी सांगितलं नव्हतं."

"आणि स्विचवर?" मी विचारलं.

"थोरल्याला आधीच दोनदा ऑफिसात बोलावलं होतं," वेन्झू म्हणाला. "चिठ्ठी ठेवून गेला म्हणून. तिसऱ्यांदा झालं असतं तर त्याला काढलं असतं, डोरिस. चार पोरं होती त्याला."

बस. त्याहून पुढे तो गेला नाही. जाण्याची गरजही नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर ते दिसलं. स्विचवर लाल पुठ्ठा, आर. मिफ्सूद. बघणाऱ्याला वाटलेलं, गेला पुन्हा विसरून, वाचवूया गड्याला. अशी चूक परक्या गावात व्हायची नाही. एकमेकांचे आजोबा माहीत असलेल्या माणसांच्या हातूनच ती होते. कीव आली म्हणून ती झाली, आणि मला त्या किवेचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

"चौकशीत तू..."

"चौकशीत विचारलं, स्विचवर चिठ्ठी दिसली का? मी म्हटलं, आम्ही पोचलो तेव्हा नव्हती." तो माझ्याकडे बघत नव्हता. "नव्हतीच."

ग्लेनिसची गाडी वळणावर दिसली तेव्हा तो उठायला गेला आणि परत बसला. ती पायऱ्या चढून वर आली. मी तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"चहा टाकू?" मी म्हटलं. माणसं असल्या वेळी काय काय बोलतात.

"नको गं. हॉलमध्ये झाला." मग वेन्झूकडे वळून, "टोमॅटो चांगले आलेत."

"घेऊन जा," तो म्हणाला. "पक्षी खातात."

"जाळी लाव."

"लावतो."

तिने पर्समधून कागद काढला आणि त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने चष्मा न लावता वाचला. नातीचं अक्षर त्याला पाठ असणार. शेवटच्या ओळीवर त्याचा अंगठा थांबला आणि तिथंच राहिला.

"रविवारी वाचायला लावा असं मी म्हणाले होते," ग्लेनिस म्हणाली. "रागात म्हणाले. मग गाडीत बसून राहिले, आणि इकडे येताना ती पोरगी दिसली. आत्ता वाटेत सायकलवर होती, मला हात केला तिने. वेन्झू, ती स्टेजवर उभी राहील. तीनशे माणसं समोर. तिला वाटतंय तिने आजोबांवर कविता लिहिलीय."

"मी मागे घ्यायला लावतो. तिला सांगतो..."

"खबरदार. कविता तिची आहे. चांगली आहे. एक शब्द बदलायला लावलास तर बघ. पण गावाला ते तिच्या तोंडून कळता कामा नये. तिच्या आधी कोणीतरी बोलायला हवं."

वेन्झूने मान हलवली. म्हणजे वर-खाली की आडवी, ते मला कळलं नाही.

"अंगठा त्याने मुद्दाम उठवलेला होता," ग्लेनिस म्हणाली. "थोरल्यात आणि त्याच्यात घोळ नको म्हणून."

वेन्झूने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा असा झाला की मी नजर वळवली. हे त्याला माहीत नव्हतं. सहा वर्षं ती चिठ्ठी त्याच्याकडे होती आणि तो अंगठा तो रोज बघत होता.

"मला वाटलं ग्रीस लागलंय," तो म्हणाला. "सगळ्यांच्याच चिठ्ठ्यांना ग्रीस लागतं."

"कुठं वाटलं तसं? कधी?"

त्याने कागदाची घडी घातली.

"वेन्झू, मी सहा वर्षं त्याला मूर्ख म्हणतेय. दुकानात पोरं म्हणतात, रेनो करू नको, आणि मी मुकाट्याने दूध घेऊन घरी येते, कारण माझ्याही मनात तेच असतं. माझ्या पोरीने आडनाव बदलून घेतलं. चौकशीचा कागद मला पाठ आहे. त्यात सगळं झालंय, झालं, गेलं, राहिलं. कोणी काही केलं असं एकदाही नाही. तुझ्याकडे ती चिठ्ठी कशी आली?"

"ती... निघाली होती."

"आपोआप?"

"काढली गेली," वेन्झू म्हणाला.

"मग वाऱ्याने काढली असेल."

"कोणीतरी..." त्याने खाकरून पुन्हा प्रयत्न केला. "कोणीतरी काढली."

मला वाटलं ती आता ओरडेल. ती ओरडली नाही. ती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, त्याच्या बुटांच्या नाड्यांपाशी, म्हणजे त्याला दुसरीकडे कुठं बघताच येऊ नये. खाली रस्त्यावर सायकलची घंटी वाजली. टेगन मोठी चक्कर मारून परत येत होती. आम्ही तिघांनी ती ऐकली.

"ती यायच्या आत," ग्लेनिस म्हणाली.

"रेनोने चिठ्ठी लावली होती," माझा भाऊ म्हणाला. "मी काढली."